वाळूतलं माप

१

अजेकुम म्हाताऱ्याच्या अंगणात दिवस कलला की सगळी स्टुलं आडवी होत.

माणूस उठला की त्यानं आपलं स्टूल कुशीवर लोटायचं, अशी त्या तलावाकाठची रीत. पायानं हलकेच ढकललं की झालं. नीट बोलता येत नाही अशी पोरंही एवढं करतात. रिकामं स्टूल उभं राहिलं की ते वाट बघतं, असं म्हणतात. कुणाची, ते कुणी विचारत नाही.

अजेकुमचं अंगण धरणाच्या तलावाकडे उतरत जाणाऱ्या टेकाडावर होतं. तलाव जे लाकूड बाहेर टाकी, त्यातून तो वस्तू घडवी. बुडालेलं रान पाण्याखाली अजून उभंच होतं. उत्तरेचा कोरडा वारा सुटला, पाणी मागे हटलं, की काळे शेंडे वर दिसू लागत. लाकडाला जो बाक असेल तो तसाच ठेवायचा, असा त्याचा शिरस्ता. बगळ्याच्या मानेसारखी फांदी मिळाली तर तिला दिवा टांगायचा. बुंध्यात ढोली असेल तर तिच्यात भोपळ्याचं भांडं बसवायचं. वरून शंखशिंपल्यांची नक्षी, जाळ्याच्या फुटक्या तरंड्यांचे डोळे. शहराकडचे लोक रस्त्यात गाडी थांबवून नेत.

"साऱ्या जगाच्या बुडाची सोय केलीस," त्याची बायको बिरागो म्हणायची. "माझ्या नशिबी मात्र ही निळी प्लास्टिकची खुर्ची. मेल्यावर हिच्यासकट पुरा मला."

लग्नात त्यानं तिला दिलेलं स्टूल मधोमध तडकलं होतं. ते स्वैपाकघरामागे भिंतीला आडवं पडलेलं असे. जळणात घाल म्हणून ती दहादा म्हणाली होती, पण त्याचा हात धजला नव्हता. त्या स्टुलाची डावी बाजू झिजून खोल झाली होती. बिरागोचा उजवा गुडघा तरुणपणापासून दुखरा. ती सगळा भार डाव्या अंगावर टाकून बसायची, आणि उठताना आईला, बापाला आणि नवऱ्याला एकाच दमात शिव्या घालायची. खुर्चीवरून उठताना तर तिच्या तोंडून शिवीसुद्धा निघेना, नुसता श्वास निघे.

दोत्से नावाचा मासेमार त्याला लाकडं आणून देई. तलावावरच्या सगळ्याच तरण्या माणसांसारखा तोही अजेकुमला वोफा, म्हणजे मामा, म्हणे.

"वोफा, हे घ्या बाबा एकदाचं," एका सकाळी तो खांद्यावरून ओंडका टाकत म्हणाला. "होडीला घासत होतं. मी ढकलतोय, ते परत येतंय. लग्नाच्या पोरीसारखं मागे लागलं."

"दोत्से," बिरागो खुर्चीतून ओरडली, "मासे पकडायचे सोडून लाकडं पकडतोस, घरी बायको कालवणात काय घालते, भुसा?"

"मावशी, तुमच्यासाठीच आणलंय. बसून बघा."

ओंडका काळा, जड होता. मधे असा बाक होता की जणू कुणी बसावं म्हणूनच तो वाढला असावा. अजेकुमनं त्यावरून हात फिरवला आणि बायकोकडे पाहिलं.

"हे तुझं," तो म्हणाला.

२

माप घेण्याची त्याची रीत त्याच्या मामानं शिकवलेली होती. बसणाऱ्यानं सकाळी तलावाकाठच्या ओल्या वाळूत बसायचं, अंगाचा भार सोडायचा, आणि उठून निघून जायचं. मग घडवणाऱ्यानं यावं, खळग्यावर दोरी धरावी, रुंदीला एक गाठ मारावी, खोलीला एक. माणूस समोर असला की अवघडून बसतो. वाळूत एकटा असला की खरा बसतो. आणि एक नेम होता. स्टूल पुरं होईतो त्या मापाबद्दल दोघांनीही अवाक्षर काढायचं नाही. बोललं की लाकूड तडकतं.

"उतार मला खाली नेईल," बिरागो म्हणाली, "वर कोण आणील?"

"मी आणीन."

"तू? तुला आणायला मग दोत्सेला पाठवावं लागेल."

तरी दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत निघाली. अजेकुम लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत बसला. मग एक गाडी थांबली, दिव्याचा खांब दाखवण्यात त्याचा वेळ गेला. तो काठावर पोचला तेव्हा ऊन वर आलं होतं आणि काठ रिकामा होता.

खळगा होता. पाण्याच्या अगदी कडेला. छान उमटलेला, खोल, तळाशी थोडं पाणी झिरपलेला. ती बहुधा देंता शेजारणीच्या अंगणातून परत गेली असेल, असं त्याला वाटलं. पावलं दिसत नव्हती, पण लाटेनं पुसली असतील. ती पाण्याच्या इतक्या जवळ का बसली? तिथे वाळू मऊ, तिच्या गुडघ्याला बरी.

खळगा दोन्ही बाजूंनी सारखा खोल होता. ते पाहून त्याला आनंद झाला. बाई आज सरळ बसली होती. म्हणजे दुखणं उतरतंय.

पाण्यावरून दोत्सेनं हाक दिली. "वोफा! मावशी आज राणीसारखी बसली होती! मी एवढं ओरडलो, मान म्हणून वळवली नाही. रागावली का माझ्यावर?"

अजेकुमनं हसून हात केला आणि दोरीला गाठी मारल्या.

घरी बिरागो कसाव्याचे कंद सोलत बसली होती. तिनं त्याच्या हातातली वाळू लागलेली दोरी पाहिली, तोंड उघडलं, मग नेम आठवून ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांनीच हसली. तोही हसला.

३

स्टूल झालं. त्याच्या हातून आजवर झालेल्यात सगळ्यांत देखणं. पायांच्या जागी लाकडाची स्वतःची मुळं होती, बैठकीच्या दोन्ही टोकांना त्यानं गोगलगायीचे शंख बसवले होते.

बिरागो बसली. इकडे सरकली, तिकडे सरकली.

"म्हाताऱ्या, बायको माझ्याहून रुंद असावी अशी तुझी इच्छा होती का रे?"

"सवय होईल."

"माझी स्टुलाला की स्टुलाची मला?"

पण संध्याकाळी ती उठली आणि शिवी आली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं गुडघा वाकवून पाहिला, पुन्हा वाकवला, आणि एखाद्या पोरीसारखी त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं तिचं स्टूल स्वतःच्या हातानं कुशीवर लोटलं. त्या वेळी त्याला वाटलं, आपलं सगळं काम एवढ्यासाठीच होतं.

सकाळी तो अंगणात आला तर सगळी स्टुलं आडवी होती आणि ते एक उभं होतं.

शेळी असेल, तो मनाशी म्हणाला. शेळी पाडते, उभं करत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. मग बिरागो असेल, पहाटे बाहेर गेली असेल, बसली असेल, विसरली असेल. आत तिच्या घोरण्याचा आवाज संथ चालला होता. त्यानं स्टूल लोटण्यासाठी हात लावला आणि तसाच ठेवला.

बैठक कोमट होती. कुणी आत्ता उठून गेल्यावर असते तशी. वारा थंड होता, अंगणात ऊन आलं नव्हतं. बाजूच्या निळ्या खुर्चीचं प्लास्टिक गार होतं. त्यानं ते मुद्दाम चाचपून पाहिलं. परत लाकडाला हात लावला. कोमट. आणि तळव्याला बारीक वाळू लागली, ओली.

त्यानं स्टूल आडवं केलं. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा उभं होतं. आता त्याचं तोंड तलावाकडे होतं.

४

त्यानं ते उचलून अवजारांच्या झोपडीत ठेवलं, दाराला काठी लावली आणि मग बिरागोला विचारलं. पुरं झालेल्या स्टुलाबद्दल बोलायला हरकत नव्हती.

"त्या दिवशी वाळूत पाण्याच्या एवढ्या कडेला का बसलीस?"

"कुठल्या वाळूत?"

"माप दिलंस तेव्हा."

"मी कुठे गेले खाली?" बिरागो म्हणाली. "अर्ध्या उतारावर गुडघ्यानं हात टेकले. देंताच्या ओसरीवर बसले, तिचं डोकं खाल्लं आणि माघारी आले. तू दोरी घेऊन आलास, म्हटलं जुन्या स्टुलावरून घेतलं असशील माप. विचारायचं नसतं, म्हणून विचारलं नाही."

अजेकुम उठला, काठावर गेला आणि दोत्सेची होडी येईपर्यंत थांबला.

"त्या दिवशी तुला मावशी दिसली होती," तो म्हणाला. "डोक्याला फडकं कुठलं होतं?"

दोत्सेनं जाळं आवरता आवरता विचार केला. "ओलं होतं, वोफा. रंग नाही कळला." मग तो थांबला. "पाठमोरी होती ना. म्हणजे... नाही, तोंड तलावाकडेच असणार. मी तर तलावावरून बघत होतो." त्यानं जाळ्यातून मान वर केली. "का हो?"

"काही नाही."

"तोंड दिसलं असणार मग," दोत्से स्वतःशीच म्हणाला. "आठवत कसं नाही?"

घरी येताना अजेकुमनं ठरवलं होतं, कुऱ्हाड घ्यायची. खुंटीची कुऱ्हाड घेऊन तो अवजारांच्या झोपडीशी आला तर दार उघडं होतं. बिरागो स्टूल घेऊन बाहेर सावलीत बसली होती, आणि कुऱ्हाड पाहून तिनं दोन्ही हातांनी बैठकीच्या कडा पकडल्या.

"नको," ती म्हणाली.

"बिरागो, हे तुझं माप नाही. मी दुसऱ्या कुणाचं घेतलं."

"कुणाचं का असेना. दुखत नाही मला." तिचा आवाज चिरकला. "रात्री कूस बदलताना ओरडायचे ते ऐकलंयस तू. आता ओरडते का? माझा म्हातारा ना तू? दुसरं घडव. घडवून झालं की हे जाळ, मी स्वतः काडी लावीन. पण तोवर काढू नकोस रे माझ्याखालून."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं ते फार थोड्या वेळा पाहिलं होतं. पोर गेलं तेव्हा एकदा. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

"नवं होईतो," तो म्हणाला. "आणि उठलीस की आडवं करायचं. विसरायचं नाही."

"विसरायला मी काय तू आहे?"

ती मान एका बाजूला टाकून हसली. त्यानं ते हसू पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं. ते तिचंच होतं, याबद्दल त्याला शंका नाही.

५

काठी दाराशी उभी राहिली ती राहिलीच. बिरागो उभ्यानं उखळात उकडलेला कसावा कुटून फुफू करू लागली. चर्चमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाद्रीबाबांनी तिला पुढे बोलावून चालून दाखवायला लावलं, आणि ती चालली, संथ, ताठ. देंता अजेकुमला कोपरानं ढोसून म्हणाली, "दादा, आता तुम्हीच मागे पडाल. माझ्या म्हाताऱ्यासाठी पण घडवा की एखादं!"

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो स्वतःला तसं सांगतही होता. बायको बरी झाली आणि तुझं तोंड का उतरलंय, खुळ्या?

पण अंगण शांत झालं होतं. कुटण्याचा आवाज येई, एका लयीत, मधे थांबा नसे, शिवी नसे. दोत्से मासे घेऊन आला तर ती नुसती मासे घेई. एकदा तो मुद्दाम म्हणाला, "मावशी, आज लाकूड नाही आणलं, बायकोनं कालवणात घातलं." तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग मासे पाहिले. दोत्से हसायचा थांबला आणि नंतर मासे फाटकाशीच ठेवून जाऊ लागला.

ती दुपारभर स्टुलावर बसून असे, तलावाकडे तोंड करून. सरळ. दोन्ही अंगांवर सारखा भार. अजेकुम मागून बघत राही. माणसाचं बूड आणि स्टूल एकमेकांना कधी जमतात, हे ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. आता ते स्टूल तिला रुंद होत नव्हतं.

गुडघा बरा झाला की माणूस सरळ बसणारच. पोट भरलं की माणूस कमी बोलतो. वय झालं की स्वभाव निवतो. अशी कारणं तो एकापुढे एक मांडून ठेवी, विकायच्या स्टुलांसारखी.

एका दुपारी तो शंख निवडत बसला होता. मागून आवाज आला, "केतेवा, पाणी दे."

त्यानं पाणी दिलं. तिनं ते पिऊन भांडं परत केलं, आणि तो चुलीपाशी पोचला तेव्हा त्याच्या हातून ते पडलं.

केतेवा म्हणजे चिमुकला. या नावानं त्याला जुन्या गावात हाक मारत, जे गाव आता तलावाच्या तळाशी होतं. पाणी चढलं आणि ट्रक आले तेव्हा तो लहान पोर होता. नव्या वसाहतीत ते नाव आलंच नाही. कुणी आणलं नाही. बिरागो डोंगरावरच्या गावची, त्याला भेटली तेव्हा तो चांगला मिशीवाला गडी होता. त्यानं तिला कधी सांगितलं असेल का? झोपेत? तापात? सांगितलं असेल.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"कुठलं?" ती वळली नाही. वाऱ्यानं तिचं फडकं हललं. वारा कोरडा होता, अंगावरची कातडी उलत होती, आणि तिचं फडकं मानेपाशी ओलं होतं.

६

"चल," एका सकाळी तीच म्हणाली. "माप घ्यायचं होतं ना तुला? मला खाली उतरता येतं आता."

उतारावर ती पुढे होती. पायाखाली न बघता उतरत होती. पाणी आणखी मागे गेलं होतं, काळ्या शेंड्यांची रांग लांबवर दिसत होती. ती कोरड्या वाळूत थांबली नाही. थेट कडेला गेली आणि बसली. अजेकुमनं नेमाप्रमाणे पाठ फिरवली.

फार वेळ काही ऐकू आलं नाही. मग वाळू सुटल्याचा आवाज आला, आणि ती त्याच्या शेजारून गेली, उताराकडे.

तो खळग्याशी गुडघे टेकून बसला. खळगा छान उमटला होता. दोन्ही बाजूंना सारखा खोल. तळाशी हळूहळू पाणी झिरपत होतं.

जुनी दोरी त्याच्या खिशात होती. ती तो बाहेर काढणार नव्हता. नवी आणली होती. तरी त्यानं जुनीच काढली आणि खळग्यावर धरली. रुंदीची गाठ नेमकी कडेला आली. खोलीची गाठ तळाला टेकली. त्यानं दोरी फिरवून दुसऱ्या अंगानं धरली. मग पुन्हा पहिल्या अंगानं धरली.

"बरोबर आलं ना?" तिनं उतारावरून विचारलं.

माप होत असताना बोलायचं नाही, हे बिरागोला ठाऊक होतं.

"बरोबर आलं," अजेकुम म्हणाला.

त्या दिवशी त्यानं कुऱ्हाड घेतली आणि स्टुलासमोर उभा राहिला. पण कुऱ्हाड नक्की कुणावर पडेल, ते त्याला सांगता येईना. घाव लाकडावर बसला आणि आत स्वैपाकघरात कुणी त्याच्या म्हातारीच्या आवाजात ओरडलं, तर? त्यानं कुऱ्हाड परत खुंटीला लावली.

७

मग तो स्वैपाकघरामागे गेला. जुनं स्टूल कोळिष्टकांत पडलं होतं. त्यानं ते झाडलं, तड मासेमारीच्या जाळ्याच्या सुतळीनं आवळून बांधली, आणि भर दुपारी अंगणाच्या मधोमध, कडुनिंबाच्या सावलीत आणून ठेवलं. उभं.

आयुष्यात रिकामं स्टूल त्यानं कधी उभं सोडलं नव्हतं. हात काढून घेताना तो क्षणभर अडखळला.

देंता कुंपणावरून ओरडली, "अहो दादा, स्टूल उभंच राहिलं! कुणाला बोलावताय?"

"असू दे."

"असू दे काय? रिकामं आहे ते!"

"असू दे, बाई."

तो शेजारी जमिनीवर बसला. लग्नानंतर असाच बसायचा. ती वर, तो खाली, आणि ती त्याच्या डोक्यावर शेंगांची टरफलं टाकायची. पाल्याची सावली सरकली. कोंबड्या आल्या, स्टुलाजवळून वळसा घालून गेल्या. बराच वेळ त्यानं हात लावला नाही, कारण हात लावला आणि लाकूड गार लागलं तर पुढे काय करायचं, ते त्याला माहीत नव्हतं.

शेवटी त्यानं तळवा ठेवला.

उजवी बाजू गार होती. डावी कोमट होती.

तो हललाच नाही. ओठ हलले असतील. शेजारच्या अंगणातून बघणाऱ्या देंताला तो काहीतरी हळू बोलताना दिसला.

स्वैपाकघरातलं कुटणं थांबलं. ती दारात आली. ताठ, हात पुसत.

"केतेवा, जेवायला चल." मग तिनं स्टूल पाहिलं. "ते कुणाचं?"

"जुनं आहे. तड बांधलीय. वाळतंय."

"उभं का?"

ती अंगणात उतरली, त्याच्यापासून हातभरावर येऊन थांबली. तिच्या पायांखालची माती काळी, ओली होत गेली. तिनं पाऊल उचललं, कुणीही उचलतं तसंच, सहज, स्टूल कुशीवर लोटायला. अजेकुमनं दुसरा हातही बैठकीवर ठेवला.

पाऊल हवेत थांबलं. परत खाली आलं.

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "हात किती वेळ ठेवशील? उठशील तेव्हा मी करीन आडवं."

ती मागे फिरली. तिनं आपलं काळं स्टूल उचलून आणलं, त्याच्या समोर ठेवलं आणि बसली, सरळ, वाट बघत.

ऊन कुंपणापलीकडे गेलं. देंतानं दोनदा हाक मारली आणि मग दार लावून घेतलं. तलावाकडून गार वारा सुटला. अजेकुमच्या पाठीत कळ भरली, बोटं बधिर झाली, तरी त्यानं हात उचलले नाहीत. डाव्या बाजूला, त्याच्या तळव्याखाली, लाकूड अजून कोमट होतं. आणि मधूनच, दुखरा गुडघा सावरत कुणी जागा बदलावी, तशी ती ऊब किंचित सरकत होती.